दोघांना बोलायला जागा

भाताचे शेत पिकून पांढरे पडू लागले आहे आणि एक मुलगी मान खाली घालून रडते आहे. तिची मैत्रीण तिला समजावते आहे की, अगं, रडतेस कशाला, तो पलीकडचा तागाचा मळा बघ, तोंडाला पिवळा हरताळ लावून सजलेल्या नटीसारखा फुलला आहे. महाराष्ट्री प्राकृतातली ही गाथा, सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’च्या पहिल्याच शतकात, म्हणजे पहिल्या शंभर गाथांत, येते. पहिल्यांदा वाचताना तिच्यात शेतीखेरीज काही दिसत नाही. मग हळूहळू कळते की भात कापणीला आले म्हणजे त्या शेतातला आडोसा जाणार, प्रियकराला भेटण्याची जागा जाणार, म्हणून ती रडते आहे. आणि ताग माणसाच्या उंचीचा वाढतो, म्हणून मैत्रीण तिला त्या मळ्याकडे बोट दाखवते आहे.

या गाथेत प्रेमाचे वर्णन कुठेच नाही. त्याचे डोळे कसे, तिचे ओठ कसे, एकमेकांना पाहून काळजात काय झाले, यावर कवीने एक अक्षरही खर्च केलेले नाही. ते दोघे एकमेकांचे आहेत हे धरूनच गाथा सुरू होते आणि तिची सगळी चिंता एवढीच आहे की आता भेटायचे कुठे. मी प्रेमकादंबऱ्या लिहिते, त्या स्वतःच छापून घेते आणि स्वतःच विकते. इतक्या वर्षांच्या लेखनानंतर माझी खात्री झाली आहे की प्रेमकथा लिहिणाऱ्याचे खरे काम याच चिंतेपासून सुरू होते. प्रेम सगळीकडे बरेचसे सारखे असते. पण दोन माणसांना निवांत बोलायला जागा कुठे मिळते, किती वेळ मिळते आणि कोणाच्या नजरेखाली मिळते, हे गावागणिक, जातीगणिक आणि हंगामागणिक बदलते. कथा कुठून सुचतात असे वाचक विचारतात, तेव्हा मी त्यांना जागांची नावे सांगते.

माझे माहेर पैठणचे, म्हणजे सातवाहनांच्या प्रतिष्ठानाचे. गाथांमध्ये जिला ‘गोला’ म्हटले आहे ती आमची गोदावरी. तरीही ही गाथा मला शाळेत कोणी शिकवली नाही. ती भेटली गावातल्या वाचनालयात, स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये सिद्ध केलेल्या जाडजूड मराठी आवृत्तीत. वाचनालयात जाण्याचे माझे कारण मात्र वेगळे होते. आईसाठी कादंबरी बदलून आणणे हे घरातले माझे काम होते. महाराष्ट्रात १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि शासनाच्या अनुदानावर लहान लहान गावांतली वाचनालयेही तग धरून राहिली; त्या वाचनालयांतली सर्वांत जास्त हाताळलेली, खाकी कव्हर घातलेली, पाने सुटून पुन्हा शिवलेली पुस्तके म्हणजे सामाजिक आणि प्रेमविषयक कादंबऱ्या. त्यांच्या लेखकांमध्ये स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या आणि समीक्षेच्या पुस्तकांत त्यांची नावे शोधावी लागतात. मी आईच्या आधी ती पुस्तके वाचून काढत असे. त्यांतल्या कित्येक पानांवर कोणा अनोळखी बाईने समासात पेन्सिलीने रेघ ओढलेली असायची. रेघ कुठे आहे हे पाहायचा मला नाद लागला. निसर्गाच्या वर्णनापाशी ती क्वचितच दिसे. नायिकेच्या सौंदर्याच्या वर्णनापाशी त्याहून क्वचित. ती असायची ते दोघे प्रथमच नीट बोलतात त्या पानावर, एखाद्या जिन्यात, एखाद्या आगगाडीच्या डब्यात, एखाद्या आजारी माणसाच्या उशाशी. आमच्या गावच्या वाचक स्त्रियांनी समीक्षकांच्या आधी मला सांगून ठेवले होते की प्रेमकादंबरीचे मर्म कोणत्या पानावर असते.

गाथांमधल्या आणखी दोन मला सोडत नाहीत. एकीत एक बाई एका धार्मिक माणसाला सांगते की, बाबा, आता निर्धास्त फिर, तुला भिववणारा तो कुत्रा गोदाकाठच्या कुंजात राहणाऱ्या मातलेल्या सिंहाने आज मारून टाकला. कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाचे नाव ऐकल्यावर त्या कुंजाच्या वाटेला कशाला जाईल? कुंज तिला मोकळा हवा आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये बसून आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त ध्वनी, म्हणजे शब्दांआडून सुचवलेला अर्थ, समजावताना ही गाथा उदाहरण म्हणून घेतली, आणि तेव्हापासून संस्कृत साहित्यशास्त्राच्या अभ्यासकांनी तिच्यावर पानेच्या पाने लिहिली. मला त्या चर्चेत भर घालायची नाही. मला एवढेच जाणवते की भारतीय काव्यशास्त्रातले सूचकतेचे हे गाजलेले उदाहरण म्हणजे गोदाकाठच्या एका बाईने भेटीची जागा राखण्यासाठी केलेली खटपट आहे. दुसऱ्या गाथेत पाणपोईवर एक वाटसरू पाणी पितो आहे. तो ओंजळीची बोटे विरळ करून, वर पाहत, हळूहळू पितो, आणि पाणी घालणारी मुलगी आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते. दोघे एक शब्दही बोलत नाहीत. जागा सार्वजनिक आहे, वेळ एका ओंजळीपुरता आहे, आणि तो वेळ दोघे मिळून लांबवत आहेत. माझ्या कादंबरीतला एखादा प्रसंग जमत नाही असे वाटले की मी या गाथेकडे जाते आणि माझ्या प्रसंगात अशी धार बारीक करण्याची सोय कुठे आहे ते शोधते.

माझ्या आईचे माहेर आता नाथसागरात आहे. जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि गोदाकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. दुष्काळाच्या वर्षी पाणी फार ओसरले की जुन्या वस्त्यांचे चौथरे आणि देवळांचे अवशेष उघडे पडतात आणि माणसे आपापले घर शोधायला जातात. माझ्या मोठ्या मावशीने मला त्या गावाचा नकाशा तोंडी सांगितला होता. तिच्या नकाशात देऊळ आणि चावडी दुय्यम होती. बारवेच्या पायऱ्या मुख्य होत्या. सासुरवाशिणींना आणि लग्न ठरायच्या वयातल्या मुलींना घरातल्या नजरांपासून सुटून काही काळ घालवता येईल अशी तेवढी एकच जागा होती, आणि म्हणून भरलेली घागर पुन्हा ओतून पुन्हा भरण्याची युक्ती प्रत्येकीला अवगत होती. पुनर्वसित गावात नळ आला. मावशीच्या पिढीच्या बायकांनी नळाचे स्वागत केले आणि ते योग्यच होते, कारण त्या घागरींनी त्यांच्या माना आणि कमरा मोडल्या होत्या. पण नळाबरोबर बाहेर पडण्याचे कारणही गेले. माझी पहिली कादंबरी या पेचावर उभी राहिली: कष्ट कमी झाले याचा आनंद मनापासून झालेली एक मुलगी, आणि त्याच कष्टाच्या वाटेवर रोज भेटणारा एक मुलगा, जो आता भेटणार नाही. गाथेतले भात पिकते, हे मला तेव्हा पुन्हा आठवले होते.

जागा न मिळण्याची शिक्षा कधीकधी जिवावर बेतते, आणि महाराष्ट्रात प्रेमकथा लिहिणाऱ्याने हे विसरून लिहू नये असे माझे मत आहे. सावित्रीबाई फुले यांनी २९ ऑगस्ट १८६८ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात एका प्रेमाची हकिकत आहे. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण पंचांग सांगत गावोगाव फिरून पोट भरत असे. त्याचे आणि सारजा नावाच्या महार समाजातील मुलीचे प्रेम जडले, आणि ती सहा महिन्यांची गरोदर असल्याचे गावाला कळले. गावकऱ्यांनी दोघांना धरून, मारत, गावातून फिरवत नेले. जिवे मारण्याचाच बेत होता. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घालून त्यांनी जमावाला थांबवले, आणि गाव सोडून जाण्याच्या अटीवर सुटलेल्या त्या दोघांना त्यांनी जोतीरावांकडे पाठवून दिले. पत्र काही ओळींचे आहे. माझे मन त्यातल्या एकाच गोष्टीपाशी घुटमळते: पंचांग घेऊन दारोदार जाणाऱ्या मुलाला गावाच्या बाहेरच्या वस्तीतली मुलगी भेटली कुठे, पहिले वाक्य कोण बोलले, आणि इतके महिने त्यांना आडोसा कोणी दिला? आडोसा देणारे कोणीतरी असणारच. पत्रात नसलेल्या त्या तिसऱ्या माणसासाठी मी एक संपूर्ण कादंबरी लिहिली. त्या कादंबरीत मी काळ बदलला, गाव बदलले, नावे बदलली. तिसरा माणूस मात्र ठेवला, आणि तो एक म्हातारी दाई आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या लिखित भाषणात आंतरजातीय विवाह हा जातीवरचा खरा उपाय असल्याचे मांडले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्म-जात न पाहता लग्न करण्याची वाट अधिक रुंद केली. पण त्याच कायद्यात ३० दिवसांच्या नोटिशीची तरतूद आहे: दोघांची नावे आणि पत्ते असलेला कागद विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात ठळक जागी लावला जातो, जेणेकरून कोणाला आक्षेप असेल तर तो घेता यावा. ज्यांनी एवढे दिवस लपण्यासाठी जागा शोधली, त्यांची नावे आता भिंतीवर आहेत. नोंदणी कार्यालयाच्या ओसरीत बसून मी या भिंतीकडे पुष्कळ वेळ पाहिलेले आहे. मुद्रांक विक्रेते, टंकलेखक, साक्षीदार म्हणून आलेले मित्र, एका कोपऱ्यात गच्च धरलेली पिशवी घेऊन उभी असलेली मुलगी. त्या ओसरीत जितकी कथानके आहेत तितकी कुठल्याही बागेत नाहीत. माझ्या एका कादंबरीचा काळ नेमका या ३० दिवसांचा आहे. ती लिहिताना मला एकदाही नाट्य वाढवावे लागले नाही.

ऊसतोड कामगारांच्या जोडप्यावर मी लिहिले, ते माझ्या दृष्टीने माझे सर्वांत मन लावून केलेले काम आहे. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसे कारखान्यांकडे निघतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती बहुधा नवरा-बायकोच्या जोडीला, आणि त्या जोडीला हिशेबात ‘कोयता’ म्हणतात. दोन माणसांचा मिळून एक कोयता. उचल हवी तर जोडी हवी, म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्ने उरकली जातात, त्यांतली कित्येक मुलीचे वय भरलेले नसताना. हे मी कादंबरीत गोड करून सांगितलेले नाही, आणि माझी नायिका सज्ञान आहे हे मी पहिल्याच प्रकरणात स्पष्ट केले आहे. मला लिहायचे होते ते असे: लग्न आधी झाले आहे, हिशेबासाठी झाले आहे, दोघे दिवसभर एकमेकांच्या शेजारी राबत आहेत, आणि तरीही त्यांची ओळख नाही. बोलणार कधी? पहाटे अंधारात तोडणी सुरू होते. मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहायच्या, गाडी भरायची. रात्रीची कोपी, म्हणजे झोपडी, पाचटाची, शेजारच्या कोपीतला खोकला ऐकू येईल इतकी पातळ. या जोडप्यासाठी जागा शोधत मी कारखान्याच्या परिसरात फिरत होते, तेव्हा मला ती वजनकाट्यापुढच्या रांगेत सापडली. उसाने भरलेल्या बैलगाड्या तिथे तासन्‌तास उभ्या असतात. बैल सोडता येत नाहीत, गाडी सोडता येत नाही, काम करता येत नाही; हंगामातला मोकळा म्हणावा असा वेळ तेवढाच. गाडीच्या सावलीत बसलेली ती दोघे तिथे प्रथम एकमेकांना लहानपणीच्या गोष्टी सांगतात. रांग पुढे सरकू नये असे त्यांना वाटू लागते त्या दिवशी, माझ्या हिशेबाने, त्यांचे लग्न होते.

शहरातल्या जागा निराळ्या. मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची, आणि तीत तीन पिढ्या. अशा घरांतली नवविवाहित जोडपी समुद्रकाठच्या कठड्यावर रात्री उशिरापर्यंत पाठमोरी बसलेली दिसत, आणि त्यांच्याकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांना ही माणसे एकमेकांची लग्नाची आहेत हे ठाऊक नसे. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागांत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका आहेत. लाकडी आडपडद्यांची टेबले, प्रत्येकाचा एक दिवा, आत बोलायला मनाई. विदर्भ-मराठवाड्यातून आलेली मुले-मुली तिथे वर्षानुवर्षे शेजारी बसतात आणि बोलतात ते फक्त रात्रीच्या चहाच्या टपरीवर, कप संपेपर्यंत. ‘पोस्ट निघाली की घरी सांगू’, म्हणजे परीक्षेतून निवड होऊन नोकरी मिळाली की, हे वाक्य मी तिथे ऐकले आणि पुढच्या कादंबरीचे सूत्र मला मिळाले. घरी बापाने अर्धा एकर विकून पाठवलेले पैसे, वयाची अट, पुढे ढकललेली परीक्षा, आणि दोघांपैकी एकाचीच पोस्ट निघणे. यात खलनायकाला जागा नाही. दोघांच्या मध्ये एक निकालाची यादी उभी असते.

मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येऊ लागला. या सवलतीचा माझ्या लेखनावर झालेला परिणाम मी कुठे सांगितला तर लोकांना आश्चर्य वाटते, पण तो खरा आहे. तालुक्याच्या गावी शिकवणीला, बाजाराला, मैत्रिणीकडे, दवाखान्यात जाणाऱ्या बायकांची संख्या माझ्या डोळ्यांदेखत वाढली. एकट्या बाईला बाहेर पडण्यासाठी लागणारे कारण पूर्वीपेक्षा लहान चालू लागले. बसस्थानकावरच्या सिमेंटच्या बाकावर बसून मी जी संभाषणे ऐकते, त्यांच्यात आता ‘परवा परत येते’ असे शब्द येतात. माझ्या नायिका आधी चुकलेल्या बसमुळे नायकाला भेटत. आता त्या वेळापत्रक पाहून भेटतात.

हे सगळे स्वतंत्रपणे छापण्याचे मी का ठरवले, ते सांगितले पाहिजे, कारण माझ्या लेखनाचा आणि या निर्णयाचा संबंध जवळचा आहे. एका प्रकाशकाला माझी नोंदणी कार्यालयाची कादंबरी आवडली होती. त्यांच्या दोन सूचना होत्या: दोघांची आडनावे आणि गावे काढून टाकावीत, म्हणजे कथा सर्वांना आपली वाटेल, आणि मध्यंतरापर्यंत एखादा भडक प्रसंग यावा. मोबदला एकरकमी होता आणि हक्क कायमचे द्यायचे होते. आडनावे काढली की त्या नोटिशीत वाचण्यासारखे काही उरतच नव्हते. आणि खोलीतल्या प्रसंगाबद्दल मला संकोच नाही, पण तो कथेने मागितला तरच मी लिहिते. मराठी प्रेमकथेने खोलीत किती शिरावे, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे: १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या ‘शामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयाने लेखक चंद्रकांत काकोडकरांना २५ रुपये दंड केला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. समाजाची मापे बदलत असतात हे त्या निकालाने मान्य केले. त्याच स्वातंत्र्यात, दार कुठे लावून घ्यायचे हे लेखकाने ठरवण्याचे स्वातंत्र्यही आले, असे मी समजते.

भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. एवढी दीर्घ गोष्ट एका रकमेला देऊन टाकणे मला पटले नाही. इंग्रजीतल्या जेन ऑस्टिनची हकिकत मला इथे फार आधार देते. १८११ मध्ये तिची पहिली प्रकाशित कादंबरी ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ तिच्या स्वतःच्या जोखमीवर निघाली, मुखपृष्ठावर नाव नव्हते, ‘एका स्त्रीकडून’ एवढेच होते. आवृत्ती संपली तेव्हा तिला १४० पौंड नफा झाला आणि हक्क तिच्याकडेच राहिले. पुढची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मात्र तिने ११० पौंडांना विकून टाकली, आपल्याला १५० हवे होते असे मैत्रिणीला पत्रात लिहिले, आणि त्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्यांमधून तिला काही मिळाले नाही. तिच्या कादंबऱ्यांतले नाचाचे समारंभ मी वेगळ्या नजरेने वाचते. त्या समाजात अविवाहित तरुण-तरुणीला सर्वांच्या देखत पण इतरांना ऐकू न जाता बोलता यावे, अशी जागा म्हणजे नाचाची ओळ. तिनेही तिच्या गावातली जागा अचूक हेरली होती.

स्वतंत्र प्रकाशनाचे रोजचे काम कष्टाचे आहे आणि मला ते आवडते. श्रीलिपी या जुन्या टंकप्रणालीत केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार उडतात, जोडाक्षरे फुटतात, आणि एकेक पान पुन्हा वाचावे लागते. १६ पानांच्या फॉर्मच्या हिशेबात पुस्तक बसवायचे म्हणून शेवटच्या प्रकरणातल्या दोन परिच्छेदांवर विचार करावा लागतो. कधीकधी त्याने प्रकरण सुधारते. आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे विनामूल्य मिळतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवायची असते; ते पार्सल टपालात टाकताना मला दर वेळी अभिमान वाटतो, कारण आईसाठी पुस्तक बदलायला जाणाऱ्या मुलीचे पुस्तक आता एका मोठ्या कपाटात राहणार असते. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ पासून घेता येऊ लागली आणि परदेशातल्या वाचकांपर्यंत पोहोचणे सोपे झाले. छापील प्रती मी काही शेच काढते आणि संपल्या की पुन्हा काढते. त्या विकल्या जातात ग्रंथप्रदर्शनात, भिशीच्या गटांत, रुग्णालयातल्या परिचारिकांच्या विश्रांतीच्या खोलीत, शाळेच्या शिक्षकदालनात. एका परिचारिकेने मला सांगितले की रात्रपाळीत ती माझी पुस्तके मोठ्याने वाचते आणि बाकीच्या ऐकतात. पुस्तक वाचायलाही बायकांना जागा लागते, आणि घरात सर्व निजल्यावर मोबाइलचा उजेड कमी करून वाचणाऱ्या माझ्या वाचकांना ती जेमतेम मिळते. त्यांचे ते तास वाया जाऊ नयेत ही जबाबदारी मी फार गंभीरपणे घेते. माझे एखादे प्रकरण लांबले तर मला त्यांची झोप आठवते.

पेन्सिलीच्या रेघा मला अजूनही मिळतात, फक्त आता त्या पानाच्या छायाचित्रांतून येतात. परभणीच्या एका वाचक बाईंनी वजनकाट्याच्या रांगेतल्या संवादाखाली रेघ मारून पाठवली आणि लिहिले की त्यांचे स्वतःचे बोलणे नवऱ्याशी असेच सुरू झाले होते, आडत बाजारात, तुरीचा लिलाव लांबला त्या दिवशी. मी त्यांची परवानगी घेऊन तो लिलाव टिपून ठेवला आहे.

सध्या मी साठी ओलांडलेल्या दोघांवर लिहिते आहे. ती विधवा, निवृत्त ग्रामसेविका. तो विधुर, एसटीचा निवृत्त वाहक. पहिल्या भेटीची जागा मला मिळाली आहे. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि त्यासाठी बँकेत रांग लागते. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला आलेली ती दोघे त्या रांगेत एकमेकांच्या पुढे-मागे उभी आहेत. तिच्या बोटाचा ठसा यंत्रावर उमटत नाही, आयुष्यभर भांडी घासून रेषा झिजल्या आहेत, आणि तिचा नंबर लागेपर्यंत तो स्वतःचे काम झाल्यावरही थांबतो. हे प्रकरण लिहून झाले आहे. अडचण पुढची आहे. त्यांची दुसरी भेट एक वर्षाने झाली तर या वयात ते फार होते. ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर स्त्रिया एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात. देवळात त्याची सून येते. तिचा मुलगा तिला फिरायलाही एकटी सोडत नाही, आणि तो हे प्रेमापोटी करतो, ज्यामुळे त्याला विरोध करणे अधिक कठीण आहे. या आठवड्यात मी सकाळी फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जाऊन बसणार आहे. गुडघ्याच्या व्यायामासाठी तिथे रोज यावे लागते, सोबत आलेला माणूस बाहेर थांबतो, आणि आत दोन खाटांच्या मध्ये एक पडदा असतो, असे मला एका ओळखीच्या बाईंनी सांगितले आहे. पडदा कापडी आहे की लाकडी, आणि पलीकडचे बोलणे किती स्पष्ट ऐकू येते, हे पाहिल्याशिवाय दुसरे प्रकरण सुरू करता येणार नाही.